बाईंचा तास

अपडेट संपलं, संगणक आपला आपण बंद होऊन पुन्हा सुरू झाला, आणि पडद्याच्या कोपऱ्यात जिथं नेटवर्कचं चिन्ह असतं तिथं फुली आली. फुली दिसली तसं तिला बरं वाटलं. हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं. आधी लक्षात आलं ते एवढंच, की सकाळपासून आवळून धरलेले खांदे सैल पडलेत आणि आपण खुर्चीत पाठ टेकून बसलोय. मागं पलंगावर आई उशीला टेकून बसली होती. उजवा हात मांडीवर होता, दुसऱ्या कुणाचा तरी आणून ठेवल्यासारखा. तिची नजर पडद्यावर होती, कारण सुट्टीचा वार सोडला तर रोज दुपारी, चहाच्या आधी, त्या पडद्यावर बाई यायच्या. आज सुट्टीच होती, पण आईला वारांचं भान तितकंसं राहिलं नव्हतं.

"काय?" आईनं विचारलं. हा शब्द तिला नीट यायचा.

"नेट गेलंय," ती म्हणाली. "बघते."

बाई म्हणजे वाचेच्या बाई, पक्षाघाताच्या झटक्यानंतर आईला पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या. दोघी मायलेकींनी त्यांना प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. त्या दुसऱ्याच कुठल्या तरी शहरात राहायच्या. त्यांच्या मागं पुस्तकांचं कपाट दिसायचं आणि कपाटावर एक मांजर, जे तास संपेपर्यंत डोळे उघडत नसे. बाई एकेक चित्र पडद्यावर आणायच्या आणि गप्प बसायच्या. किल्लीचं चित्र आलं की आई म्हणायची, "चमचा." म्हणता म्हणताच तिचं तिला कळायचं. कपाळाला आठी पडायची, डावा हात हवेत काहीतरी फिरवायचा, "ते... दार... खटक्..." आणि बाई थांबायच्या. त्यांचं थांबणं तिला बघवत नसे. रजेवर घरी असली की शेजारच्या खोलीत बसून ऐकतानाही तिच्या जिभेवर किल्ली, किल्ली, किल्ली असं नाचत असायचं, आणि बाई मात्र बस सुटून गेल्यावर दुसऱ्या बसची वाट बघावी तशा निवांत. शेवटी कधीतरी आईच्या तोंडून "किल्ली" पडायचं आणि दोघी हसायच्या. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं होतं, त्यांना समजतं सगळं. आठवतंही. फक्त शब्द हाताला लागत नाहीत. तिनं त्या वेळी मान हलवली होती. आठवतंही, हा एक शब्द तेव्हाच तिच्या पोटात खोल कुठंतरी जाऊन बसला होता.

संगणक बाबांचा. बाबा गेल्यावर तो कपडा टाकून कोपऱ्यात पडून होता. इतका जुना, की त्याच्यावर दुसरं काही चाललं नसतं. तिनंच त्यावर लिनक्स घातलं, मोठा पडदा जोडला, आणि मागं वायफायची नखाएवढी काडी खोचली. फोनवर हा तास जमण्यासारखा नव्हता. झटक्यानं आईच्या नजरेची उजवी बाजूही पुसट झाली होती. फोनच्या एवढ्याशा काचेवर तिला बाईंचं अर्धंच तोंड दिसायचं, आणि ओठ पूर्ण दिसल्याशिवाय तिला शब्द उचलता यायचे नाहीत. म्हणून हे यंत्र. म्हणून दर सुट्टीला ती त्याची झाडलोट करायची, अपडेट घालायची. आजही घातलं होतं. तिनं काळी खिडकी उघडून दोन आज्ञा टाइप केल्या. काडी दिसत होती. जोडणी दिसत नव्हती. यादीत एकच नाव उरलं होतं, यंत्राची स्वतःशीच असलेली जोडणी, जी नेट असो नसो कायम असते. बाहेरचं सगळं तुटलं तरी यंत्र स्वतःशी बोलू शकतं. एवढ्यावरून तिला काय झालं ते कळून चुकलं होतं. अपडेटबरोबर कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, नवा आला होता. त्या काडीचा ड्रायव्हर मात्र तिनं स्वतः वेगळा बांधून घातला होता, तो जुन्या गाभ्यासाठी. नव्या गाभ्याला काडी दिसत होती, पण तिच्याशी बोलायचं कसं ते त्याला ठाऊक नव्हतं. जुना कर्नल अजून यंत्रात शाबूत होता. सुरू करताना एक बटण दाबून धरायचं, यादीतून त्याला निवडायचं, की नेट येणार. नाहीतर फोन केबलनं जोडायचा. नाहीतर ऑफिसातून हवं ते पेन ड्राइव्हवर आणायचं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं हे तिन्ही उपाय सांगितले असते. दिवसभर ती दुसऱ्यांना हेच तर सांगायची. त्याचाच पगार होता.

तिनं संगणक बंद केला. कपडा टाकला नाही, पण टाकावासा वाटला.

सुट्टीच्या आधीच्या दिवशी ती ऑफिसातून लवकर आली होती, तेव्हाची गोष्ट. दाराशी चप्पल काढताना आतून बाईंचा आवाज आला, घरात कोण कोण असतं असं त्या विचारत होत्या. आई म्हणाली, "मुलगी." मग थोडं थांबून, "चांगली." मग बराच वेळ काही नाही, आणि मग, "घाई. घाई करते." बाई हसल्या, आईही हसली, आणि पॅसेजमध्ये एक चप्पल हातात, एक पायात अशी ती उभी राहिली. लागलं तिला ते, पण नेहमीचं लागणं असतं तितकंच. आईच्या जेवणाला वेळ लागतो, आईच्या आंघोळीला वेळ लागतो, आणि आपण घड्याळाकडे बघतो हे तिला काय ठाऊक नव्हतं? खरा धक्का त्याच्या पुढचा. बाई म्हणाल्या, "तुम्ही आता वाक्यं बोलायला लागलात. पुढच्या आठवड्यापासून आपण गोष्ट सांगू. तुमचीच. ज्या दिवशी हे सगळं झालं ना, तो दिवस. सकाळी उठल्यापासून, एकेक करत. सांगाल?" आणि आई म्हणाली, "हो. सांगते." कितीतरी महिन्यांत तिनं आईच्या तोंडून इतका स्वच्छ शब्द ऐकला नव्हता. सांगते. पूर्वी कशी म्हणायची, बाबांनी काही विचारलं आणि हातातलं काम संपायचं असलं की, थांबा, सांगते. अगदी तसा.

आईला झटका आला त्या सकाळी ऑफिसात गोंधळ होता. तिथंही अपडेटनंतर अख्ख्या मजल्याचं नेट गेलं होतं, साहेब खुर्चीत बसत नव्हते, आणि ती एका टेबलाखाली गुडघ्यांवर बसून केबल ओढत होती. तेवढ्यात आईचा फोन. तिनं तो खांद्यात आणि कानात धरला. पलीकडून आईचा आवाज आला, पण अर्धा. एक अक्षर येई, मग काही नाही, मग भलतंच अक्षर, मग एक लांब ओढलेला स्वर. ती म्हणाली, "आई, आवाज तुटतोय तुझा. नेटवर्क नाही नीट. नंतर करते." आणि ठेवला. दिवसातून कितीदा आपण हे कुणाकुणाला म्हणतो; त्यात काय? पण तिचा कान तयार कान होता. वर्षानुवर्षं लोकांचे तुटक फोन ऐकून ऐकून लाइन खरंच तुटते तेव्हा कसं ऐकू येतं हे त्याला कळायचं. आईच्या मागं स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता. बातम्या लागल्या होत्या. आणि बातम्या देणाऱ्या बाईचा एकही शब्द तुटत नव्हता. हे तिनं ऐकलं होतं. त्याच क्षणी ऐकलं होतं, आणि हातात केबल होती, आणि साहेबांचे बूट टेबलाशेजारी येऊन उभे राहिले होते. मग नेट आलं, लोकांनी गमतीनं टाळ्या वाजवल्या, कुणीतरी तिच्यासाठी चहा मागवला. फोन करायचा राहून गेला. समोरच्या काकूंचा फोन आला तेव्हा दुपार कलली होती. त्यांनी दार वाजवलं होतं, आतून रेडिओ ऐकू येत होता आणि दार कुणी उघडत नव्हतं.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर होता, त्याच्या चष्म्याची काडी चिकटपट्टीनं जोडलेली. त्यानं विचारलं, "शेवटचं नीट कधी बोलल्या?" ती म्हणाली, "काल रात्री. जेवताना." ते खरंच होतं. "त्यानंतर? सकाळी कुणाशी बोलणं, फोन वगैरे?" आणि ती म्हणाली, "नाही." इतकं सहज आलं ते तोंडातून. त्यानं मान हलवली. म्हणाला, "मग सुरुवात नक्की केव्हा झाली ते सांगता येत नाही. गुठळी विरघळवणारं एक औषध असतं, पण वेळ माहीत नसली की ते देत नाहीत." आणि तो दुसऱ्या पेशंटकडे वळला. त्याच्या पाठीकडे बघत तिनं तोंड उघडलं होतं. तोंड उघडल्याचं तिला आठवतं. मग परिचारिका काहीतरी विचारायला आली. पुढं घरी तिनं त्या औषधाबद्दल वाचलं, पुन्हा पुन्हा वाचलं, हिशेब केला. कधी हिशेब सांगायचा, खरं बोलली असतीस तरी उशीर झालाच होता. कधी सांगायचा, नव्हता झाला. त्या फोनची गोष्ट जगात दोघींनाच ठाऊक होती, आणि त्यातली एक बोलू शकत नव्हती. हे असं, इतक्या उघड शब्दांत, तिनं कधी मनात आणलं नव्हतं. फक्त आई एखादा नवा शब्द शिकली, की तिला आनंद व्हायचा आणि त्या आनंदाच्या तळाशी काहीतरी थंडगार लागायचं, उन्हाळ्यातही नदीच्या तळाचं पाणी पायाला लागतं तसं.

घरचं नेट गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोपट म्हणाला, "काय मॅडम, सुट्टी कशी गेली?" तो तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा, कुणाचंही वाक्य ऐकलं की त्याचं शेपूट पुन्हा म्हणायची त्याला सवय होती, म्हणून पोपट. ती म्हणाली, घरच्या मशीनचं नेट गेलं, अपडेटनंतर. "अपडेटनंतर," पोपट म्हणाला. "जुन्या कर्नलवरून उठव की. चहा गार व्हायच्या आत होईल." ती म्हणाली, केलं, नाही झालं, काडीच गेलीय बहुतेक. "काडीच गेलीय," पोपट म्हणाला, आणि खण उघडून त्यानं एक काडी काढली, तशीच, नवीकोरी. "घेऊन जा. माझ्याकडे पडूनच आहे." तिनं ती पर्समध्ये टाकली. आता खोटं नुसतं तोंडात नव्हतं, पर्समध्येही होतं, आणि बसमध्ये सुटे काढताना ते बोटांना लागायचं.

दुपारी बाईंचा फोन. "आज आई दिसल्या नाहीत तासाला."

"अपडेटनंतर नेटवर्क गेलंय. बघतेय मी."

"तुमचं हेच काम ना? मग काळजी नाही," बाई म्हणाल्या. "फक्त फार खंड पडू देऊ नका. आत्ताच जरा वाट रुळलीय. त्यांना सांगा, मी गोष्टीची वाट बघतेय."

"सांगते," ती म्हणाली. सांगितलं नाही.

घरी दिवसभर एक मावशी असायच्या, आईचं सगळं करायच्या. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्या निघताना पदर खोचत म्हणाल्या, "ताई, त्या मशीनचं काय झालं?" ती म्हणाली, जुनं झालंय मावशी, वेळ लागणार. "हो का," मावशी म्हणाल्या. त्या हो का मध्ये काहीच नव्हतं, अगदी साधं हो का होतं, पण जेवताना, भांडी लावताना, दात घासताना ते तिच्या कानाशी घोटाळत राहिलं. मग तिनं ठरवलं, आपणच तास घेऊ. बाईंच्या जागी आपण. एक जुनं चित्रांचं पुस्तक शोधून ती आईजवळ पलंगावर बसली. छत्रीचं चित्र काढलं. आई बघत राहिली. ओठ एकदा मिटले, उघडले. "छत्री," तीच म्हणाली. "म्हण, छत्री." आईनं तिच्याकडे पाहिलं. "घो..." आई म्हणाली. "घोडा नाही आई. छ. छ. छत्री. पाऊस आला की आपण काय घेतो?" आपण लहान मुलीला विचारतो तसं विचारतोय हे तिला कळत होतं. ज्या आईनं आपल्याला पाढे शिकवले, फाटलेल्या गणवेशाला अस्तर लावून दिलं, दहावीच्या निकालाच्या दिवशी आपल्याआधी जाऊन फळ्यावरचा नंबर बघून आली, तिला आपण पावसाचं विचारतोय. आईनं डाव्या हातानं पुस्तक हळूच मिटलं आणि भिंतीकडे तोंड केलं. नंतर ती पाणी मागायलाही बोलली नाही. पेल्याकडे बोट दाखवलं. गेल्या आठवड्यात तिला पाणी हा शब्द येत होता.

आणि तरीही नेट सुरू नाही केलं तिनं. हेच तिला पुढं कुणाला समजावता आलं नसतं. रोज घरी येताना बसच्या खिडकीशी ती ठरवायची, आज. जिना चढताना ठरवायची, आज. दार उघडलं की खोलीत तो काळा पडदा असायचा, त्यात दिव्याचं आणि पलंगाचं प्रतिबिंब, आणि तिला वाटायचं, आज दमलोय, उद्या. घर शांत झालं होतं. दुपारचं ते हसणं नव्हतं. संध्याकाळी आई तिच्याच हातून सूप प्यायची, तिच्याचकडे बघायची, आणि एका बाजूला वळलेल्या त्या तोंडात काय अडलंय ते बाहेर येणार नाही याची खात्री असायची. ती खात्री ऊबदार होती. अंगावर ओढून घ्यावी अशी. त्या उबेची तिला इतकी लाज वाटायची की ती उठून विनाकारण गॅसची शेगडी पुसायला लागायची.

एका दुपारी ऑफिसातली वीज गेली आणि सगळ्यांना सोडून दिलं. ती घरी आली तर आईच्या खोलीत पडदे सरकवलेले, उजेड होता. आई पलंगावर नव्हती. खुर्चीत बसली होती, संगणकासमोर, काळ्या पडद्याकडे तोंड करून. धुतलेली साडी, खांद्यावर शाल, केस नीट विंचरून मागं बांधलेले, कपाळावर टिकली जरा डावीकडे सरकलेली. मावशी दारात येऊन हळूच म्हणाल्या, "रोजच बसतात ताई. त्यांच्या त्या बाईंची वेळ झाली की मला उठवायला लावतात. साडी ह्या कपाटातून दाखवतात, हीच पाहिजे म्हणून. मग तास संपायच्या वेळेपर्यंत बसून राहतात, आणि परत निजतात." रोजच? तिनं विचारलं. "रोजच. तुम्हाला सांगणार होते, पण तुम्ही दमून येता."

ती आईच्या खुर्चीजवळ खाली बसली. आईनं मान वळवून पाहिलं. बऱ्याच दिवसांत तिच्या ओठांनी काही शोधलं नव्हतं. आता शोधायला लागले. ती थांबली. थांबायचं म्हणून नव्हे, तिच्यापाशी द्यायला शब्दच नव्हता म्हणून.

"बाई," आई म्हणाली. मग, "राग?"

"कुणाला राग?"

आईनं डावा हात छातीवर ठेवला. "मी. चूक. चु... चुकले?" आणि पडद्याकडे बोट केलं. "येत नाही. बाई."

इतके दिवस तिला वाटत होतं, आई वाट बघत असेल, कंटाळत असेल, फार तर चिडली असेल. पण आईला वाटत होतं, आपल्याला जमत नाही, आपण शिकत नाही, म्हणून बाईंनी आपल्याला टाकलं. रोज चांगली साडी नेसून ती त्या काळ्या काचेसमोर माफी मागायला बसत होती. तिनं मावशींना चहा टाकायला सांगितलं.

तिनं संगणक सुरू केला, बटण दाबून धरलं, यादी आली, जुना कर्नल निवडला. पडद्यावरून पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावल्या. मग नेहमीचं चित्र, आणि कोपऱ्यात एक गोल फिरायला लागला, फिरत राहिला, आणि त्याच्या जागी वायफायच्या कमानी उभ्या राहिल्या. फुली गेली. स्वयंपाकघरात अजून पाण्याला आधणही आलं नव्हतं.

आई पडद्याकडे बघत होती. मग तिच्याकडे. मग पुन्हा पडद्याकडे. "झटपट," आई म्हणाली. शब्द बिनचूक होता, चारही अक्षरं जागच्या जागी. त्याच्या शेवटी प्रश्न होता की नव्हता, हे तिला ठरवता आलं नाही.

"हो," ती म्हणाली. "झटपटच होतं. मीच केलं नाही, आई. बाई रागावल्या नाहीत. तुझं काही चुकलं नाही."

बाईंना फोन गेला, त्यांचा तो तास रिकामाच होता, आणि थोड्या वेळानं पुस्तकांचं कपाट आलं, मांजर आलं, बाई आल्या. आईनं डावा हात वर केला. ती बाहेर जायला उठली तर बाई म्हणाल्या, "तुम्ही थांबा आज. आज आम्ही गोष्ट सुरू करणार आहोत ना. अडल्या तर तुम्हाला माहीत असेल. पण लगेच सांगायचं नाही हं. विचारलं तरच." ती भिंतीला टेकून स्टुलावर बसली.

आईनं गोष्ट सांगितली. उठले. चहा. दूध... उतू. हसली. मग रेडिओ. मग डाव्या हातानं उजवा हात उचलून दाखवला आणि सोडून दिला. तो मांडीवर पडला. "पडला. कप पडला." बाई नुसत्या हं म्हणत होत्या. "मग?" "फोन," आई म्हणाली. "केला. हिला." तिच्याकडे बोट दाखवायची गरज नव्हती, तरी दाखवलं. बाईंनी पडद्यातून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा आईकडे. "छान. पूर्ण म्हणा. मी मुलीला फोन केला." "मी मुलीला फोन केला." "मग मुलगी काय म्हणाली?"

आईच्या कपाळाला आठी पडली. शब्द तिला हवा होता आणि मिळत नव्हता. डाव्या हाताच्या दोन बोटांनी तिनं हवेतलं काहीतरी मोडलं, काडी मोडावी तसं. "तु..." ती म्हणाली. "तु... तु..." बाई थांबल्या. मांजर झोपलं होतं. रस्त्यावर कुणीतरी शटर ओढत होतं, ते खालपर्यंत गेलं. आईनं पुन्हा बोटांनी मोडलं आणि मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत दोष नव्हता. बाजारात सुटे नसले की आई तिच्याकडे वळून बघायची, आहेत का तुझ्याकडे, तेवढंच होतं. आणि होते तिच्याकडे. इतके महिने तेवढेच होते.

"तुटतोय," ती म्हणाली.

"तुटतोय," आई म्हणाली, सुटका झाल्यासारखी. "आवाज तुटतोय."

"सुंदर," बाई म्हणाल्या. त्यांना काय ठाऊक. "ट आणि त, दोन्ही आले बघा. पुन्हा एकदा म्हणा."

"आवाज तुटतोय."

"अजून एकदा. सावकाश."

आई म्हणत राहिली. दर खेपेला वाक्य अधिक स्वच्छ होत गेलं, आणि शेवटी ते जवळजवळ तिच्याच, मुलीच्याच, चालीत आलं. ती स्टुलावर बसून ऐकत होती. पळून जावंसं वाटत नव्हतं, याचंच तिला नवल वाटत होतं. मग बाई म्हणाल्या, "उद्या हॉस्पिटलचा भाग. तो तुम्हाला फारसा आठवणार नाही. मुलगी सांगेल, तुम्ही ऐका." आईनं मान हलवली. मग तिच्याकडे वळून म्हणाली, "जा. मी. बाईंशी. दार..." आणि हातानं ढकलल्याची खूण केली. ती बाहेर आली आणि तिनं दार ओढून घेतलं. आतून आईचा आवाज येत होता, अडखळत, थांबत, पण येत होता, बराच वेळ. काय सांगत होती कोण जाणे. स्वयंपाकघरात जाऊन तिनं नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेतली.

मावशी गेल्या. उजेड उतरला तशी तिनं आईला धरून टेबलाशी आणलं, सूप वाढलं, समोर बसली. उद्यापर्यंत थांबलं तर ते बाईंच्या देखत होईल, व्यायामासारखं होईल, आणि बाई छान म्हणतील. ते तिला नको होतं. "आई," ती म्हणाली, "हॉस्पिटलात डॉक्टरांनी मला विचारलं होतं, सकाळी कुणाशी बोलल्या का." आईनं चमचा खाली ठेवला. "मी नाही म्हणाले. तुझा फोन आला होता ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना वेळ कळली असती. एक औषध होतं. कदाचित दिलं असतं. कदाचित नसतं दिलं. मला माहीत नाही." वाक्यं लहान लहान येत होती, मधे मोठाल्या फटी पडत होत्या. "आणि तुझा आवाज नेटवर्कमुळे तुटत नव्हता, हे मला त्याच वेळी कळलं होतं. मागचा रेडिओ नीट ऐकू येत होता."

आईला समजतं सगळं. डॉक्टरांनी तसं सांगितलंच होतं. ती टेबलावरच्या आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिली. सुपावरची वाफ विरळ झाली. मग तिनं चमचा उचलला, एक घोट घेतला, आणि ओठ शोधायला लागले. मुलीनं घाई केली नाही.

"मीठ," आई म्हणाली.

तिनं मिठाची बाटली आईकडे सरकवली. आईनं बाटलीकडे पाहिलं, हात लावला नाही.

"नाही," आई म्हणाली. "मीठ नाही."

सुपात मीठ नव्हतं की आईला म्हणायचं होतं ते मीठ नव्हतं, हे तिला कळलं नाही. आईच्या कपाळाला आठी पडली होती, डावा हात हवेत उठला होता, आणि तिच्या तोंडात काहीतरी येत होतं.